येताना घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या

आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या सर्जरीतून (इथे साध्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात) मेसेज आला: क्लिनिकल फार्मासिस्टची अपॉइंटमेंट, अर्धा तास, येताना घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. मला रागच आला. डॉक्टरांना वेळ नाही म्हणून आता मेडिकलवाल्याकडे पाठवतात, असं मी ह्यांच्याजवळ कुरकुरले. फार्मासिस्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कोथरूडचा तो मुलगा येतो, कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या कागदी पाकिटात घालून देणारा.

मला साखर २०१६ पासून. वय ५७. तीन महिन्यांची साखर ७३ आली होती. पुण्याच्या बहिणीला फोनवर आकडा सांगितला तर ती किंचाळलीच. इथलं मोजमाप वेगळं. आपल्याकडच्या हिशेबात ते ८.८ टक्के. तेही काही कौतुकाचं नव्हतं, पण निदान तिचा जीव भांड्यात पडला.

फार्मासिस्ट निघाला तिशीतला, लंडनमध्ये वाढलेला, आईवडील नायजेरियाचे. माझ्या दोन पिशव्या त्याने टेबलावर रिकाम्या केल्या. पहिलीत इथल्या गोळ्या होत्या: साखरेची मेटफॉर्मिन, रक्तदाबाची रॅमिप्रिल आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. दुसरी पिशवी मी नेणारच नव्हते, पण ‘घरातल्या सगळ्या’ हे वाचून ह्यांनी ती माझ्या पर्समध्ये कोंबली होती. त्यात पुण्याहून आणलेल्या स्ट्रिप्स. आमच्या तिथल्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, म्हणून दर खेपेला घेऊन येते. इथे कुणाला सांगितलं नव्हतं. इथे मधुमेहाची गोळी चालू असली की सर्टिफिकेट मिळतं आणि औषधं फुकट, तरी मी बॅगेतलं लोणचं काढून गोळ्यांना जागा करायची!

त्याने पुण्याची स्ट्रिप दिव्याखाली धरली, मागची बारीक अक्षरं वाचली. “यात दोन औषधं आहेत. मेटफॉर्मिन, जी तुम्ही घेताच आहात. आणि ग्लिमेपिराइड. ही कधी घेता?”

“गोड खायचं असेल त्या दिवशी.”

तो हसला नाही. गेल्या काही महिन्यांत कधी घाम फुटून हातपाय थरथरले का, असं विचारलं. फुटला होता की. होळीच्या दिवशी. संध्याकाळी एका मैत्रिणीकडे पुरणपोळी, म्हणून मी सकाळीच एक गोळी ‘आगाऊ’ घेतली आणि पोटाला आराम म्हणून नाश्ता टाळला. अकराच्या सुमाराला लायब्ररीत कपाटाला धरून उभी राहिले, एका बाईने खुर्ची आणून दिली. मी उपाशीपोटी चक्कर म्हणून सोडून दिलं होतं. त्याने समजावलं, की ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा किंवा न जेवा. पुरणपोळी रात्री येणार हे तिला कसं कळणार? मग थरथर झाली की मी बिस्किटं खायची, साखर पुन्हा वर. नऊ वर्षांचं माझं शास्त्र पाच मिनिटांत उघडं पडलं.

मग त्याने कोलेस्टेरॉलचं खोकं उचललं. घेता का, असं विचारलंच नाही. लेबलावरची तारीख बघितली, आतल्या गोळ्या मोजल्या. २८ गोळ्या, ऑक्टोबरमध्ये दिलेल्या, उरलेल्या २३. मार्च चालू होता. मी गप्प. शेवटी सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की याने स्नायू झिजतात, आणि माझे गुडघे दुखायला लागले. दुखणं स्नायूत आहे की सांध्यात, एका बाजूला की दोन्ही, जिना चढताना की बसल्यावर, हे त्याने नीट विचारलं आणि स्नायूंची रक्ततपासणी लिहून दिली. ती नॉर्मल आली. गुडघे गुडघ्यांचेच होते.

हृदयाच्या धोक्याचा हिशेब त्याने माझ्यासमोर कॉम्प्युटरवर मांडला. क्यूरिस्क म्हणतात त्याला: वय, वंश, पोस्टकोड, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह असं भरत गेलं की पुढच्या १० वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताची शक्यता टक्क्यांत येते. माझी ११ आली. “आईवडील, भावंडांत कुणाला साठीच्या आत हृदयविकार?” फॉर्मवर मी नाही लिहिलं होतं. कारण बाबांना आजार असा नव्हताच. ५२व्या वर्षी एका पहाटे छातीत कळ आली आणि गेले. हे मी सांगितलं. त्याने एका चौकोनात खूण केली, आकडा १७ झाला. मी त्या चौकोनाकडेच बघत बसले. त्या पहाटेची आई आठवली, दारात तांब्या घेऊन उभी.

रक्तदाबाचं सोपं निघालं. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजायचा, पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. चहानंतर लगेच नाही, फोनवर बोलताना तर नाहीच. सरासरी १३८/८४ आली, घरी १३५/८५ च्या आत हवी. रॅमिप्रिल २.५ ची ५ केली, दोन आठवड्यांनी मूत्रपिंडाची आणि पोटॅशियमची तपासणी.

हे सगळं तो स्वतःच लिहून देऊ शकत होता, डॉक्टरांची सही न घेता. इथे जादा शिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टांना २००६ पासून तो अधिकार आहे. पुण्याची गोळी बंद. पोटाला त्रास होतो म्हणून रात्रीची मेटफॉर्मिन मी चुकवायची, तर तीच सावकाश विरघळणारी दिली. जोडीला डॅपाग्लिफ्लोझिन, जी जादा साखर लघवीतून बाहेर टाकते आणि हृदयालाही उपयोगी पडते. खाली खाज येऊ शकते, हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की लाजायला मला वेळच मिळाला नाही. उलट्या-जुलाब लागले तर मेटफॉर्मिन, रॅमिप्रिल आणि ही, तिन्ही थांबवायच्या, नीट खाऊपिऊ लागल्यावर पुन्हा सुरू. आणि निर्जळी उपास या गोळीवर करायचे नाहीत.

“निर्जळी नाही, एकादशी,” मी म्हटलं, आणि साबुदाण्याची खिचडी समजावू लागले. मोबाइलवर फोटो बघून तो पहिल्यांदाच मोकळा हसला. “हा कसावा! आमच्याकडे याची गारी करतात. माझ्या आईलाही हेच सांगत असतो, हा नुसता स्टार्च आहे.” आता एकादशीला वरीची भगर, तीही वाटीभर, वर दाण्याची आमटी. खिचडी आषाढीला. तेवढी मी ठेवलीच.

सप्टेंबरमध्ये ७३ चे ५६ झाले, आपल्याकडचे ७.३. पुण्याच्या उरलेल्या स्ट्रिप्स मी कोपऱ्यावरच्या फार्मसीत नष्ट करायला देऊन आले होते. सर्जरीतल्या फार्मासिस्टला मोठ्या ऐटीत सांगितलं.

“सगळ्या?” त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी देवघराच्या खणातली शेवटची स्ट्रिप घेऊन परत फार्मसीत गेले.