लांगेच्या टेकड्या: दिवसाला दोनच तळघरं

इटलीच्या वायव्येला, पिएमॉन्ते प्रांतात, आल्बा गावाभोवती पसरलेल्या द्राक्षांच्या टेकड्यांना लांगे म्हणतात. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाईन इथल्याच. शेजारच्या रोएरो आणि मोन्फेर्रातोसह हा परिसर 2014 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. इथे येणाऱ्या पाहुण्यांची एक चूक मात्र ठरलेली असते, ती म्हणजे एका दिवसात चार-पाच वाईनऱ्या, म्हणजे वाईन मुरवायची तळघरं, उरकणं. या दोन्ही वाईन ज्याच्या होतात त्या नेब्योलो द्राक्षाचा तुरटपणा तोंडात साठत जातो. ओंजळभर जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढली जाते ना, तसंच. तिसऱ्या तळघरापर्यंत उत्तम बारोलोही नुसती तुरट लागायला लागते आणि पैसे वाया जातात. सकाळी एक, दुपारी उशिरा एक, आणि मधला वेळ जेवणाला आणि पायी फिरायला. चार दिवसांची आखणी याच हिशेबाने केली तर हा मुलुख खरा कळतो.

कधी जायचं, ते आधी ठरवा. मे आणि जूनमध्ये वेली हिरव्यागार असतात, हवा चांगली असते आणि तळघरवाल्यांना बोलायला सवड असते. वाईन समजून घ्यायची असेल तर हेच दिवस सर्वात चांगले. ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात हा पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक बुरशीचा काळ. तेव्हा पानं तांबूस-पिवळी होतात, सकाळी दऱ्यांत धुकं साचतं, आणि खोल्यांचे दर चढतात. नेब्योलोची तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. तेव्हा छोटे उत्पादक पाहुणे घेत नाहीत, कारण घरची सगळी माणसं बागेत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत अर्धी हॉटेलं बंद असतात.

नाशिक-सांगलीकडची बाग पाहिलेल्यांना इथला फरक लगेच दिसेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, अशा वर्षाला दोन छाटण्या असतात. इथे हिवाळ्यात वेल झोपलेली असताना एकच. मांडव नाही. तारांवर उभ्या ओळी, आणि प्रत्येक वेलीवर फळासाठी साधारण एकच लांब काडी राखलेली. उन्हाळ्यात हिरवे घड कापून जमिनीवर टाकलेले दिसले तर ती नासाडी समजू नका. उरलेल्या घडांत गोडी आणि रंग भरावा म्हणून केलेली ती विरळणी असते. आपल्याकडे गोडी छाटणी उरकत असते तेव्हा इथे तोडणी चालू असते.

पोचायला मिलानच्या मालपेन्सा विमानतळाहून गाडीने सुमारे दोन तास लागतात, तोरिनोहून त्याहून कमी. गाडी नको असेल तर तोरिनोहून ब्रामार्गे आल्ब्याला लोकल जाते, तासाभराच्या थोडा पुढे वेळ लागतो. पण आल्ब्याहून टेकड्यांवरच्या गावांना जाणाऱ्या बसेस मोजक्या आहेत, रविवारी तर त्यांच्या भरवशावर राहूच नका. टॅक्सीही रस्त्यात हात करून मिळत नाही, आदल्या दिवशी ठरवावी लागते. म्हणून गाडी नसेल तर मुक्काम आल्ब्यात, गाडी असेल तर ला मोर्रा, मोन्फोर्ते किंवा नेइवेसारख्या टेकडीवरच्या गावात.

भाड्याची गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. तो आरटीओकडून निघण्याआधीच काढायचा, त्याची मुदत एक वर्ष असते. इथे जुन्या गावठाणांच्या तोंडाशी पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ दिसलं की आत गाडी नेऊ नका. तिथे कॅमेरा असतो, आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी गाडी देणाऱ्या कंपनीच्या वेगळ्या शुल्कासकट घरी येतं. पार्किंगच्या निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे आपल्यासाठी नाही.

आणि पिऊन गाडी चालवण्याचा हिशेब नीट समजून घ्या. मर्यादा लिटरभर रक्तामागे 0.5 ग्रॅम अल्कोहोलची आहे, परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. एका टेस्टिंगमध्ये 40 मिलीचे पाच घोट धरले तर 200 मिली वाईन होते. 14 टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सुमारे 22 ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोचा पुरुष एवढ्यानेच मर्यादेच्या काठावर येतो, पंचावन्न किलोची बाई तर ती ओलांडून पुढे जाते. म्हणजे चालवणाऱ्याने थुंकायचंच. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरणं इथे अजिबात असभ्य मानत नाहीत, उलट जाणकार तेच करतात. चौघं असाल तर दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवणं सर्वात शहाणपणाचं.

पहिला दिवस आल्ब्याला द्या, आणि तो शनिवार असेल तर उत्तम, कारण त्या दिवशी गावात मोठा बाजार भरतो. हेझलनट इथलंच पीक आहे. नुटेला बनवणारी फेरेरो कंपनी याच गावची. बाजारात भाजलेले हेझलनट घ्या. सोललेल्या दाण्यावर तपकिरी साल जितकी कमी तितका तो कडसरपणाला कमी. संध्याकाळी एखाद्या दुकानात डोल्चेत्तो आणि बार्बेरा या इथल्या लाल वाईनचा एकेक ग्लास घेऊन जीभ तयार करा. डोल्चेत्तो रोजच्या जेवणाची, बार्बेरा आंबटसर आणि रसाळ. या दोन कळल्या की दुसऱ्या दिवशी नेब्योलोचं वेगळेपण लगेच समजतं.

दुसरा दिवस बारोलोचा. 11 गावांच्या हद्दीत पिकलेल्या निव्वळ नेब्योलोलाच बारोलो म्हणता येतं. ती 38 महिने मुरवावी लागते, त्यातले किमान 18 लाकडी पिंपात. मुदत तोडणीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून मोजतात, म्हणून 2021 ची बारोलो 1 जानेवारी 2025 च्या आत बाजारात येऊच शकत नव्हती. बार्बारेस्कोला 26 महिने पुरतात, त्यातले 9 लाकडात.

सकाळची वेळ दहाची घ्या, सेर्रालुंगा किंवा मोन्फोर्तेच्या बाजूला. वेळ ईमेलने तीन-चार आठवडे आधी ठरवायची, माणसं किती आणि इंग्रजीत हवं हे स्पष्ट लिहायचं. न सांगता दार ठोठावलं तर बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. बारा ते दोन तळघरं बंद असतात, आणि छोटी तळघरं रविवारी उघडतीलच असं नाही. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. तुमच्यासाठी कोणीतरी बागेतलं काम सोडून थांबलेलं असतं. टेस्टिंगचे पैसे माणशी वीस ते चाळीस युरो धरून चाला. काही ठिकाणी बाटल्या घेतल्या तर ते वळते करतात, पण ते गृहीत धरू नका. सोबत न पिणारं कोणी असेल तर त्याचे पैसे लागतात का, हे आधीच विचारा. त्या दिवशी अत्तर लावू नका, शेजारच्याच्याही ग्लासातला वास मरतो.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा. नेब्योलोचा रंग फिकट असतो, डाळिंबाच्या दाण्यासारखा आणि कडेला विटकरी. फिकट म्हणून पातळ समजलात तर पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या जातात. वासात सुकलेला गुलाब आणि डांबर. कोणत्या टेकडीची, हे आवर्जून विचारा. ला मोर्रा आणि बारोलो गावाकडची निळसर मातीतली वाईन लवकर मऊ होते, सेर्रालुंगाकडची जुन्या, कठीण मातीतली जास्त वर्षं थांबायला लावते. बाटलीवर 'ब्रिक्को' असेल तर टेकडीचा माथा, 'सोरी' असेल तर दक्षिणेचं ऊन खाणारा उतार. बर्फ आधी वितळतो तो सोरी, असं इथले लोक सांगतात.

दुपारी गाडी बारोलो गावात लावा आणि द्राक्षांच्या ओळींमधून पायी ला मोर्रा चढा. बारोलो 300 मीटरवर, ला मोर्रा 513 मीटरवर, म्हणजे दोनशे मीटरची चढण. रमतगमत दोन तास धरा. वाटेत ब्रुनाते बागेत लाल-पिवळ्या-निळ्या रंगांत रंगवलेलं छोटं चॅपेल लागतं. सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट यांनी ते 1999 मध्ये रंगवलं. वर पोचल्यावर किल्ल्याच्या चौकातून साऱ्या टेकड्या आणि हवा स्वच्छ असेल तर आल्प्सही दिसतात. पाऊस होऊन गेला असेल तर मात्र ही वाट टाळा. इथली चिकणमाती चोपणासारखी बुटाला धरते, चार पावलांत बूट किलोभर जड होतो आणि उतारावर पाय सटकतो. बागेतून चालताना ओळीत शिरू नका आणि घड तोडू नका. एकेका वेलीचे घड मोजून राखलेले असतात.

वेळ उरला तर बारोलोच्या किल्ल्यातलं वाईन संग्रहालय बघा. नाहीतर ग्रिन्त्साने काव्हूरचा किल्ला. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार काव्हूर या गावाचा 17 वर्षं महापौर होता.

तिसऱ्या दिवशी बार्बारेस्को, आल्ब्याहून दहाएक किलोमीटर. आधी गावातल्या मध्ययुगीन मनोऱ्यावर लिफ्टने जा. खाली तानारो नदी, समोर बागा. नकाशावर जे कळत नाही ते इथून पाच मिनिटांत कळतं. मग एक तळघर, आणि दुपारी ट्रफलच्या कुत्र्यासोबत जंगलात फेरी. ट्रफल शोधणाऱ्याला इथे 'त्रिफोलाऊ' म्हणतात. इटलीत हे काम फक्त कुत्र्यांनी करायचं असा कायदा आहे, डुकरं चालत नाहीत. ओक, पॉपलर, लिंडन यांच्या मुळांशी ही बुरशी वाढते. कुत्रा माती उकरायला लागला की मालक त्याला बाजूला घेतो, हातातल्या छोट्या खुरपीने ट्रफल सोडवतो आणि खड्डा पुन्हा बुजवतो. तो बुजवला नाही तर मुळं उघडी पडतात आणि पुढच्या वर्षी तिथे काही मिळत नाही. उन्हाळ्यात ही फेरी काळ्या ट्रफलची असते. काही वेळा आधी पुरून ठेवलेलं ट्रफल कुत्र्याकडून काढून दाखवतात. बुकिंग करताना हे सरळ विचारून घ्या.

पांढरं ट्रफल कधी शिजवत नाहीत. गरम, लोणीदार, साध्या पदार्थावर कच्चंच किसतात: लोण्यातल्या ताजारीन शेवया, तव्यावरचं अंडं, वितळलेलं चीज. हॉटेलात ग्रॅमचा भाव आधी विचारा. ताटावर किसण्यापूर्वी आणि नंतर तुमच्यासमोर वजन करायला सांगा, फरकाचेच पैसे द्यायचे. माणशी पाच-सहा ग्रॅम पुरतात. अख्खं घेणार असाल तर ते कडक हवं, दाबून पिचकणारं नको, आणि भोकांत माती ठासलेली नको. रोज बदललेल्या कागदात गुंडाळून काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवलं तरी आठवड्याभरात वास ओसरायला लागतो. म्हणून ते तिथेच खा. भारतात न्यायला ट्रफलचं तेल घेऊ नका. बहुतेक तेलांत ट्रफल नसून प्रयोगशाळेत बनवलेला वास असतो.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर, कारण इथल्या मेनूत फसायला खूप जागा आहे. 'आन्योलोत्ती देल प्लिन' ही चिमटीत दुमडलेली छोटी पुरचुंडी जवळजवळ नेहमी मांसाची असते. 'बान्या काउदा' ही गरम चटणी भाज्यांसोबत येते म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यात अँकोव्ही मासळी असते. भाजलेल्या सिमला मिरचीत अनेकदा ट्यूना भरलेला असतो. 'पान्ना कोत्ता' या सायीच्या गोड पदार्थात जिलेटिन असतं. 'बुनेत' हे पुडिंग अंडं, कोको आणि बदामाच्या बिस्किटांचं असतं आणि त्यात बऱ्याचदा रम असते. निर्धास्त मागवण्यासारखं म्हणजे लोणी आणि सेजच्या पानांतली ताजारीन, कास्तेलमान्यो चीजमधले बटाट्याचे न्योक्की, आणि हेझलनटचा केक. अंडं मात्र जवळजवळ सगळीकडे आहे, ताजारीनच्या पिठात तर बलकाचा मारा असतो, आणि चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असू शकतं. वेटरला एवढं म्हणा: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे'. मांस नको, मासे नकोत. पानावर येणाऱ्या मांसाच्या रश्श्याबद्दल वेगळं विचारावं लागतं. जेवण साडेबारा ते दोन आणि रात्री साडेसात-आठनंतर. अडीचला भूक लागली तर ब्रेड-चीजवरच भागवावं लागेल. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' (टेबलाचं शुल्क) म्हणून लागतात, ती फसवणूक नव्हे.

चौथा दिवस कानेल्लीला, जिथे स्पार्कलिंग वाईनची जमिनीखालची प्रचंड जुनी तळघरं आहेत. गोडसर, पाच-साडेपाच टक्क्यांची मोस्कातो इथलीच, आणि ज्यांना तुरट वाईन झेपत नाही त्यांची इथेच सोय होते.

परतीची बांधाबांध. भारतात माणशी दोन लिटरच करमुक्त आणता येतं. म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या, तिसरीला सव्वादोन लिटर होतात आणि कर लागतो. विमानतळावर घेतलेली दारूही याच दोन लिटरांत मोजतात. बाटली चेक-इन बॅगेतच, कपड्यांत गुंडाळून मधोमध. भरली बाटली सव्वा ते दीड किलोची असते. एका दुकानातून 70 युरोंच्या वर खरेदी केली तर पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा फॉर्म मागा. शिक्का मात्र बॅग चेक-इनला देण्याआधी कस्टम्सकडून घ्यायचा, माल दाखवायला लागू शकतो. उन्हाळ्यात बाटल्या गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नका, बूच वर सरकतं आणि वाईन झिरपते. घरी पोचल्यावर पुण्या-मुंबईच्या एप्रिलमध्ये कपाटात ठेवण्यापेक्षा फ्रीजच्या तळाशी, भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, आणि उघडायच्या दिवशी तासभर आधी बाहेर काढा.