झिगीची अपुरी गोष्ट

ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'द राइज अँड फॉल ऑफ झिगी स्टारडस्ट अँड द स्पायडर्स फ्रॉम मार्स' हा अल्बम जून १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांनी चमकी, लिपस्टिक आणि उंच टाचांचे बूट मिरवण्याची ग्लॅम रॉकची लाट पुढे काही वर्षांतच ओसरली आणि तिच्यातले पुष्कळसे संगीत आज केवळ त्या काळाची आठवण म्हणून ऐकले जाते. हा अल्बम मात्र नागपुरात माझ्या ओळखीतली विशीतली मुलेही शोधून ऐकतात. याचे कारण, माझ्या मते, त्यातल्या झिगी या बोवीनेच रचलेल्या आणि रंगमंचावर वठवलेल्या काल्पनिक रॉक गायकाच्या गोष्टीच्या अपुरेपणात आहे.

कॉन्सेप्ट अल्बम म्हटले की सलग कथानकाची अपेक्षा असते. इथे ते शोधायला गेल्यास हाती फारसे लागत नाही. 'फाइव्ह इयर्स' या पहिल्या गाण्यात पृथ्वीला पाचच वर्षे उरल्याची बातमी येते, ती देणाऱ्यालाच रडू कोसळते, पण पुढच्या दहा गाण्यांत हा प्रलय जवळजवळ विसरला जातो. 'स्टारमॅन'मध्ये रेडिओवरून बोलणारा परग्रहवासी हा झिगी नव्हेच. 'लेडी स्टारडस्ट'मध्ये रंगवलेल्या चेहऱ्याच्या गायकाला हसणाऱ्या गर्दीतला कुणी एक बोलतो, तर शीर्षकगीतात झिगीचा वाद्यवृंदातला सोबती, काहीशा असूयेने आणि काहीशा हळहळीने, त्याच्या अहंकाराचा हिशेब मांडतो. म्हणजे झिगी आपल्याला बहुतेक वेळा इतरांच्या तोंडूनच कळतो. त्याच्या उदयापासून अस्तापर्यंतच्या मधल्या पायऱ्या ऐकणाऱ्याने रचायच्या असतात, आणि सोळाव्या वर्षी रचलेली गोष्ट चाळिशीत तशीच राहत नाही.

हे सारे योजून झाले असेही नाही. आरसीए या ध्वनिमुद्रिका कंपनीला एकेरी तबकडीसाठी काहीतरी हवे होते म्हणून 'स्टारमॅन' अगदी शेवटी लिहिले गेले आणि त्यासाठी चक बेरीचे एक गाणे वगळावे लागले. तेच 'स्टारमॅन' जुलै १९७२ मध्ये बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर गाताना बोवीने गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकला. पुरुषांमधील समलिंगी संबंधांना इंग्लंडच्या कायद्याने अंशतः मोकळीक देऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. त्या दृश्याने आपले आयुष्य बदलले, असे पुढच्या पिढीतल्या अनेक ब्रिटिश गायकांनी सांगितले आहे.

बालगंधर्वांच्या शालूवर जीव टाकलेल्या समाजाला पुरुषाच्या स्त्रीरूपाचे नवल वाटू नये. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडार या लोकनाट्यातही पुरुष लुगडे नेसून नाचत आले आहेत. फरक असा की आपल्याकडे प्रयोग संपला की सोंग उतरते, बोवीने मात्र ते मुलाखतींत आणि रोजच्या वावरातही चालू ठेवले, इतके की सोंग कुठे संपते हे पुढे त्यालाच उमजेनासे झाले.

नागपूरकराला इथे मारबत आठवणे साहजिक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या बाईच्या रूपातल्या मोठ्या आकृत्या, त्यांच्या मागेपुढे बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, असे सारे वाजतगाजत निघते. गावाची इडापिडा त्यांच्यावर लादली जाते आणि शेवटी त्यांना जाळले जाते. लोकांचे भय आणि लोकांचीच हौस अंगावर घेऊन मिरवणारा झिगीही शीर्षकगीतात चाहत्यांच्याच हातून संपतो. प्रत्यक्षात मात्र आग लावली ती बोवीने स्वतः. ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये त्याने हा आपला शेवटचा कार्यक्रम असल्याचे जाहीर केले, तेव्हा मागे साथ करणाऱ्या बासवादक ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवादक वुडी वुडमन्सी यांनाही त्याची कल्पना नव्हती.

गोष्टीविषयी एवढे लिहिल्यावर रॉन्सनला न्याय द्यायलाच हवा. 'मूनेज डेड्रीम'च्या शेवटची झेपावणारी गिटार त्याची, तंतुवाद्यांची मांडणी त्याची, आणि पियानोचाही बराच भाग त्याचाच. निर्माता केन स्कॉटने बोवीसह ट्रायडंट स्टुडिओत केलेले ध्वनिमुद्रण इतके स्वच्छ आहे की 'फाइव्ह इयर्स'च्या आरंभी दुरून जवळ येणारा ड्रमचा ठेका पहिल्या ठोक्यापासून ऐकण्याजोगा आहे. वेष्टनाच्या मागच्या बाजूला हा अल्बम पूर्ण आवाजात वाजवावा अशी सूचना छापलेली आहे. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत बसलेल्या नागपूरकराला ती वेगळी सांगावी लागत नाही.

नव्याने ऐकणाऱ्याने गाण्यांचा क्रम मात्र मोडू नये. रॉन डेव्हिसच्या 'इट एन्ट ईझी' या गाण्याचा झिगीशी काही संबंध नाही, ते आधीच्या अल्बमच्या वेळी मुद्रित झालेले होते आणि मला ते मुळीच आवडत नाही. तरीही ते गाळून पाहिले, तर तबकडीची पहिली बाजू 'स्टारमॅन'च्या गोडव्यावर संपते, आणि लगेच येणाऱ्या 'लेडी स्टारडस्ट'च्या संथ पियानोला हवी असलेली जागाच उरत नाही.