इफ्ताहाच्या मुलीचा धडा

मी चर्चमध्ये बायबल शिकवते, तेरा ते सोळा वयाची मुलं माझ्या वर्गात असतात. चौदा वर्षं झाली या कामाला, पण मागच्या महिन्यातला एक रविवार डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

त्या दिवशी धडा होता बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा, अध्याय ११. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इफ्ताह गिलादचा शूर लढवय्या, पण वेश्येच्या पोटचा म्हणून सावत्र भावांनी त्याला घरातून हाकललेलं, पुढे अम्मोनी लोक चालून आले तेव्हा गिलादचे वडीलधारे त्यालाच आणायला गेले. लढाईआधी त्याने परमेश्वराला नवस केला की जिंकून सुखरूप परत आलो तर माझ्या घराच्या दारातून जे मला भेटायला बाहेर येईल त्याचं होमार्पण करीन, म्हणजे वेदीवर जाळून देवाला अर्पण करीन. जिंकला. आणि दारातून डफ वाजवत नाचत बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी.

शिक्षकांच्या पुस्तकात खाली तात्पर्य छापलेलं होतं, देवाला दिलेला शब्द पाळावा. मी ते फळ्यावर लिहिलंसुद्धा, दरवेळी लिहायचे तसंच.

मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, ती म्हणाली, "टीचर, तिची आई कुठे होती?"

मी पान परत वाचलं. आईचा उल्लेखच नाही. मुलीचं नावही नाही. तेवढ्यात दुसरा मुलगा म्हणाला, "आणि बाकीचे लोक? दोन महिने होते ना त्यांच्या हातात?" खरंच होते. ती बापाकडे दोन महिने मागून घेते, मैत्रिणींबरोबर डोंगरावर जाऊन रडते आणि परत येते, आणि एवढ्या दिवसांत एकही माणूस इफ्ताहाला थांब म्हणत नाही.

मी डस्टर घेतलं आणि तात्पर्य पुसून टाकलं.

मग आम्ही १ शमुवेल १४ उघडलं. तिथे शौल राजाने शपथ घातलेली की संध्याकाळपर्यंत जो काही खाईल तो शापित, आणि त्याच्याच मुलाने, योनाथानाने, ती शपथ ऐकली नव्हती म्हणून काठीच्या टोकाने थोडा मध चाखला. शौल म्हणाला तुला मरावंच लागेल. तिथे मात्र लोक मध्ये पडले, म्हणाले याच्या डोक्याचा एक केससुद्धा जमिनीवर पडणार नाही, आणि त्यांनी योनाथानाला वाचवलं. राजाची शपथ मोडली तरी त्या लोकांवर देवाचा कोप झाला असं त्या अध्यायात कुठेही नाही. आणि बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, १२ व्या अध्यायात तर स्पष्टच लिहिलंय की पोटच्या मुलामुलींना आगीत जाळणं परमेश्वराला घृणास्पद वाटतं. मग हा नवस देवाला हवा होता असं मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर शिकवत होते?

ज्यू रब्बींच्या जुन्या मिद्राशात, म्हणजे बायबलवरच्या त्यांच्या भाष्यात, एक गोष्ट आहे तीही सांगितली. फिनहास याजक तो नवस रद्द करू शकला असता, पण तो म्हणाला गरज त्याला आहे, त्याने यावं, आणि इफ्ताह म्हणाला मी इस्राएलाचा प्रमुख, मी का जाऊ. दोघांच्या मानापानात पोरीचा जीव गेला. काही अभ्यासक म्हणतात की तिला मारलं नाही, फक्त आयुष्यभर कुमारी ठेवलं. मला ते पटत नाही, कारण शास्ते ११ मधलं ३९ वं वचन सरळ म्हणतं की त्याने नवसाप्रमाणे केलं. नव्या करारातल्या इब्री या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात विश्वास ठेवणाऱ्यांच्या यादीत इफ्ताहाचं नाव आहे हेही मी मुलांपासून लपवलं नाही, ते वाचताना मला त्रास होतो हे पण सांगितलं.

वर्ग सुटला तरी ती मुलगी बाकावरून उठेना. बायबलची रिबीन बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मग हळूच म्हणाली की ती तान्ही असताना खूप आजारी होती, तेव्हा पप्पांनी नवस केला की ही वाचली तर हिला देवाच्या सेवेला देईन. दहावीनंतर तिला बायबल कॉलेजला पाठवायचं ठरलेलं होतं. "टीचर, मी नाही म्हटलं तर नवस मोडल्याचं पाप पप्पांना लागेल का?"

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, नवस पप्पांनी केला, तुला विचारून नाही केला, आणि तुझं ऐकून घेण्यात त्यांना पाप लागणार नाही. मी त्यांच्याशी बोललं तर चालेल का, हे आधी तिलाच विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग मानेनेच हो म्हणाली.

संध्याकाळी पाळकसाहेबांना घेऊन त्यांच्या घरी गेले. मी योनाथानाचा भाग वाचून दाखवला. पप्पांनी खाली बघतच ऐकलं आणि म्हणाले, "ती आयसीयूत होती हो टीचर. काचेतून बघत होतो. मला दुसरं काय सुचणार होतं?" याच्यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. पाळकसाहेबांनी त्यांचा हात धरला आणि आम्ही तसेच बसून राहिलो.

पुढच्या रविवारी ती वर्गाच्या आधीच आली. म्हणाली पप्पांनी पहिल्यांदाच विचारलं, तुला काय व्हायचंय. मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस? म्हणाली, "विचार करून सांगते म्हटलं."