आमची वाटचाल : ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’

वाळूजला पाळणाघर चालवायचं तर कारखान्यांच्या पाळ्यांवर चालवावं लागतं. पहिल्या पाळीच्या आया लेकरू आणतात तेव्हा ते अर्धवट झोपेतच असतं. मावशी नेमताना आम्ही आधी एवढंच विचारायचो, की स्वतःची लेकरं वाढवलीत का? आता विचारतो, तुम्ही लहान असताना घरी कशावरून मार बसायचा?

कारण हाताखालच्या लेकराकडं जी ती आपापल्या बालपणातून बघते. आईबाप ऊसतोडीला आणि आपण आजीपाशी, अशी वाढलेली बाई ताटातला घास वाया जाऊ देत नाही. लेकरू मान फिरवतं, ओठ मिटतं. पोट भरल्याची ही खूण तिला माज वाटते, मग ती घास कोंबते. इथं उपदेश कामाचा नाही. आम्ही वाढायची रीतच बदलली : आधी दोन चमचे वरणभात, मागितला तर आणखी दोन, दोनदा मान फिरवली की वाटी उचलायची. वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवायचा नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे मधातल्या जंतूंच्या विषानं होणाऱ्या आजाराचा धोका असतो. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणीसुद्धा नाही, भर मे महिन्यातही. ‘आमच्यात देतात’ हे कारण चालत नाही.

खरी कसोटी अंगावरच्या खुणांची. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला प्रत्येक डागात मार दिसतो. धपाटे खाऊनच वाढलेलीला खरा वळही दिसत नाही. पुष्कळ लेकरांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतो. तो काही दिवसांत रंग बदलत नाही; मुका मार हिरवट-पिवळा होत जातो. पोटावर काळपट भाजल्यासारखं दिसलं तर बिब्बा लावला होता का, तेही विचारावं लागतं. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच आईसमोर अंगाच्या आकृतीवर खुणा मांडून घेतो.

पुढं नोंदवहीत दोन रकाने. दिसलं : ‘डाव्या दंडावर बाहेरून तीन जांभळे ठिपके, कपडे बदलताना, ६.४०.’ वाटलं : ‘बापानं दाबून धरलं असणार.’ दुसरी मावशी पहिलीचं न वाचता स्वतःचं लिहिते, मग दोन्ही पानं शेजारी ठेवायची. ‘वाटलं’ खोडायचं नाही. कुणाचं मन कुठं अडकतं ते तिथंच कळतं.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मात्र चर्चेत वेळ घालवायचा नाही. पोक्सो, २०१२ या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मदतीला आहेच. लेकराला खोदून विचारायचं नाही. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं.

एका पाळीत दोघी एकाच गावच्या, एकाच घरच्या ठेवत नाही. जावा-जावांना तर नाहीच, त्यांना सगळं एकसारखंच दिसतं! त्यापायी एक मावशी जास्तीची लागते, आणि तो पगार फीमध्ये धरावाच लागतो.