कुंडीतले बुडबुडे

मे महिना, चोपडा तालुका. आप्पांच्या गोठ्यात पाच जनावरं, मागे दोन घनमीटरचा, पक्क्या घुमटाचा दीनबंधू गोबरगॅस, आणि त्याची स्लरी, म्हणजे गॅस निघून उरलेला शेणकाला, जाते शेततळ्यातल्या रोहू-कटला-मृगळला. या सगळ्या साखळीचं जीवनचक्र मूल्यांकन करायला मी गेले होते. म्हणजे एक लिटर दुधामागे आणि एक किलो मासळीमागे हवेत, पाण्यात, मातीत काय काय गेलं याचा हिशोब. त्याची सुरुवात पार चाऱ्यापासून होते. सरकीच्या ढेपेवर कापसाला टाकलेल्या खताचा किती भार धरायचा, यावर आम्ही सहकारी दोन दिवस भांडलो होतो.

आप्पांची उत्तरं चोख होती. रोज 50 किलो शेण, तेवढंच पाणी. तळ्यात स्लरी फक्त ऊन असेल तेव्हाच. आभाळ आलं की बंद, कारण पहाटे प्राणवायू कमी पडून मासे वर तोंड काढतात. पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का, हेही ते रोज बघतात. माझा तक्ता भरत आला होता. गॅसगळतीच्या रकान्यात मी अंदाजानं लहानसा आकडा टाकला आणि पुढे गेले.

रात्री अंगणात माईंच्या शेजारी खाट टाकली. उकाड्यानं झोप नव्हती. गोठ्यामागून मधूनच गुडगुड आवाज यायचा. मी विचारलं तर माई म्हणाल्या, "रातले कुंडीमा बुडबुडा येतस ना. पोरगा सुरतले गया, तवपासून."

मी उठून बसले. बॅटरी घेऊन दोघी स्लरीच्या कुंडीपाशी गेलो. पृष्ठभाग उकळल्यासारखा हलत होता. घुमटात गॅस मावेनासा झाला की तो स्लरीला ढकलत शेवटी कुंडीतून निसटतो, हे मला पुस्तकात माहीत होतं. संयंत्र बांधलं तेव्हा घरात आठ माणसं जेवत होती. मुलगा बायकापोरांसह सुरतला गेला, पण शेण तेवढंच पडत राहिलं. शेगडी किती तास पेटते हे मी माईंना विचारलंच नव्हतं. आप्पांना विचारलं होतं. त्यांनी जुनं उत्तर दिलं.

तिथेच ओट्यावर हिशोब मांडला. माईंनी सांगितलेल्या वेळेवरून रोज साधारण दीड घनमीटर गॅस जळत होता, अर्धा घनमीटर वाया जात होता. दीड घनमीटरनं सुमारे 0.65 किलो एलपीजी वाचतो, म्हणजे जवळपास 2 किलो कार्बन डायऑक्साइड. आणि निसटलेल्या अर्ध्या घनमीटरात सुमारे 200 ग्रॅम मिथेन. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेनचा ताप कार्बन डायऑक्साइडच्या 27 पट, म्हणजे 5 किलोंच्या वर. वाचलं त्याच्या अडीचपटीहून जास्त वर गेलं. मी तीनदा आकडे तपासले.

माईंनी विचारलं, मग हे बंद करायचं का? माझ्या छातीत धस्स झालं. वीस वर्षं त्यांनी पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाकरी थापली होती, तो धूर कुठल्या डोळ्यांनी मोजायचा? मी म्हटलं, नाही माई, मुळीच नाही. उकिरड्यावर मोकळ्या हवेत सुकणाऱ्या शेणातून मिथेन कमी निघतो. आपण मात्र शेण बंद टाकीत कुजवून तो मुद्दाम बनवतो, म्हणून बनवला तेवढा जाळायलाच हवा.

सकाळी आप्पांशी बोललो. जनावरांचं आंबोण अजून पऱ्हाट्यांवरच शिजत होतं. त्यासाठी दुसरी शेगडी गोठ्यापाशी बसवायची, आणि तरी गॅस उरलाच तर शेण 50 ऐवजी 40 किलो घालून बाकीचं कंपोस्टला. दहाच्या आत पाइप जोडून झाला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही फुगा नाही.

माईंनी काडी ओढली. निळी ज्योत पातेल्याखाली पसरली. मी तक्त्यातला तो अंदाजाचा आकडा खोडला आणि शेजारी शेगडीच्या तासांसाठी नवा रकाना आखला.