तबला, येझदी आणि पाटवडी

लोकं विचारतात, दिवसभर तबलाच वाजवता का? नाही हो! सकाळी दोन तास रियाज, संध्याकाळी पोट्ट्यांच्या शिकवण्या, महिन्यातून दोनतीन कार्यक्रमांत साथ, बाकी वेळ मी घरचा मेकॅनिक. जुनी येझदी मोटरसायकल आहे, तिचा कार्बोरेटर खोलून बसलो की बायको ओरडते, ग्रीसच्या हातानं तबल्याला शिवू नका म्हणून, आणि बरोबरच आहे तिचं, तबल्यावरच्या काळ्या शाईला तेल लागलं की पुडी, म्हणजे वरचं कातडं, गेलीच समजा.

मे महिन्यात तर विचारूच नका. नागपूरच्या ४५ डिग्रीत कातडं असं सुकतं की तबल्याचा सूर आपोआप चढतो, पावसाळ्यात उलटं, सगळं ढिल्लं, मग हातोडी घेऊन बाजूचे लाकडी गट्टे ठोकत बसा, तोवर गायक आपल्याकडे बघून हसतोय.

सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात वाजवायचं म्हटलं की मात्र अजूनही पोटात गोळा येतो. वसंतराव नागपुरात वाढले, इथंच शंकरराव सप्रेंकडे शिकले, पुण्यात मिलिटरी अकाउंट्सची नोकरी कित्येक वर्षं करत गायले, आणि १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली' नाटकातले खाँसाहेब झाले. वर तबलाही वाजवायचे! आपण नुसता तबला वाजवून दमतो राजेहो.

रविवारी पहाटे अंबाझरी तलावावर दुर्बीण घेऊन पक्षी बघतो (खंड्या सोडून फारसे ओळखता येत नाहीत), परत येऊन पाटवडी-रस्सा माझ्याच हातचा. तर्री जास्त झाली तरी चालते, वड्या फुटल्या की डोकं फिरतं. मागच्या रविवारी फुटल्याच.