रबरी पाय घेताना कमीत कमी वजन विचारा

आवाज जरा वाढवला की माझ्या टर्नटेबलमधून (तबकडी वाजवायचं यंत्र) घूं असा घुमारा यायचा आणि गाणं संपल्यावरही वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा थरथरत राहायचा. थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली, आवाज हळूहळू वाढवला (एकदम वाढवू नका, वूफर जाईल) आणि फळीवर बोटाने टकटक केलं. प्रत्येक टक स्पीकरमधून ढब् करून बाहेर आली. हादरे फळीतून सुईपर्यंत पोचत होते. स्पीकर त्याच फळीवर होते, ते उतरवून वेगळ्या स्टँडवर ठेवले. बराच त्रास तिथेच कमी झाला. यात एक पैसाही जात नाही, म्हणून सगळ्यात आधी हेच करा.

उरलेल्या घुमाऱ्यासाठी चार रबरी पाय मागवले आणि तिथेच अडकलो. पाय लावले, टकटक केली, आवाज जसाच्या तसा. उलट खालचे सूर आणखी जाड वाटू लागले. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, "प्रत्येक पाय २० किलो पेलतो, निर्धास्त राहा." माझं टर्नटेबल ६ किलोचं, म्हणजे एका पायावर दीड किलो. मी विचारलं, कमीत कमी किती वजन हवं? चार दिवसांनी पुन्हा तेच उत्तर, २० किलोपर्यंत चालतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी त्याहून जास्त क्षमतेचे पाय सुचवले! माझा प्रश्न त्यांनी एकदाही नीट वाचला नव्हता. यात अकरा दिवस गेले. त्याचा राग अजून आहे, कारण खरी गोष्ट दोन ओळींत सांगता आली असती.

ती अशी. रबर असो की स्प्रिंग, वजनाखाली ते दबलंच पाहिजे. किती मिलिमीटर दबलं ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. येईल ती त्या जोडणीची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये. त्या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या वरचे हादरेच अडतात. खालचे आरपार जातात आणि त्या आकड्याजवळचे तर वाढून जातात. माझे पाय पाव मिलिमीटरही दबत नव्हते. मोबाईलचा दिवा लावून, पट्टी धरून पाहिलं, टर्नटेबल ठेवण्याआधीची आणि नंतरची उंची सारखीच. म्हणजे ३२ हर्ट्झच्याही वर, आणि रबर हादऱ्याला स्थिर वजनापेक्षा जास्त ताठ वागतं म्हणून खरा आकडा आणखी वरचा. ४५ हर्ट्झच्या खालचं काहीच अडत नव्हतं. सूर जाड का झाले ते तेव्हा कळलं.

मग साध्या मऊ स्प्रिंग घेतल्या, वर ९ किलोची दगडी लादी आणि तिच्यावर टर्नटेबल. एकूण १५ किलो, एका स्प्रिंगवर पावणेचार. ३० मिलिमीटरची स्प्रिंग २० वर आली, म्हणजे ५ हर्ट्झ. टोनआर्म म्हणजे सुई धरणारा दांडा. त्याचा स्वतःचा अनुनाद (ज्या कंपनाला तो आपोआप जास्त हलतो ते) साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्ये असतो, त्यामुळे आपला आकडा त्याच्या बराच खाली हवा. ५ मला पुरला.

पण स्प्रिंग एकदा हलली की डुलत राहते. शेजारून चाललं तरी लादी हले. प्रत्येक स्प्रिंगच्या पोटात फोमची पट्टी हलकेच खोचली, डोलणं लगेच निवलं. घट्ट कोंबू नका, स्प्रिंग ताठ होते. लाकडी जमीन पावलांनी फार हलत असेल तर स्प्रिंगच्या मागे न लागता भिंतीत पक्की बसवलेली फळी घ्या.

आणि हो, टर्नटेबलची एक बाजू बहुधा जड असते. चारही स्प्रिंग सारख्या अंतरावर ठेवल्या तर लादी तिरकी बसते. लेव्हलचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत जड बाजूच्या स्प्रिंग बाहेर सरकवत जा. मी हे शेवटी केलं आणि टोनआर्मच्या मागच्या टोकाचं वजन (काउंटरवेट) पुन्हा लावावं लागलं.

टोकदार खिळ्यांचे पाय हादरे अडवत नाहीत, यंत्र जमिनीला घट्ट जोडतात. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरखाली काही घालू नका, मला तिथे कधीच फरक ऐकू आला नाही.

परवा पुन्हा सुई थांबलेल्या तबकडीवर ठेवली, आवाज पूर्वीइतका वाढवला, फळीवर टकटक केली. स्पीकर गप्प. वूफरच्या पडद्यावर बोट ठेवून पाहिलं, तो स्थिर होता.

ते चार रबरी पाय आता वॉशिंग मशीनखाली आहेत. तिथे प्रत्येकावर पंधरा-सोळा किलो येतात, आणि तिथे ते चांगले दबतात.